जुन्या मोटारीचे कापडी पडदे

आमच्या वार्षिक अंकात दरवर्षी पावसावर चार-पाच कविता असतात. मीही एक लिहून ठेवली होती. परंतु गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या दुकानात एक जुनी मोटार आली आणि पावसाचा विचार मला निराळ्याच बाजूने, म्हणजे मोटारीच्या चाकाच्या बाजूने करावा लागला. तेव्हा कविता बाजूला ठेवून त्या मोटारीच्या पोटातल्या दोन कापडी पडद्यांची हकीकत लिहीत आहे. विषय कोरडा वाटेल. पण पाणी अडवणाऱ्या वस्तूचा विषय कोरडाच असायचा, एवढे वाचकांनी समजून घ्यावे.

प्रथम आमच्या दुकानाविषयी. शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, नऊ बाय बारा फुटांची आमची एक खोली आहे. आबा (माझे वडील) तेथे रिक्षांचे हूड, गाड्यांची कुशने आणि टेम्पोच्या ताडपत्र्या शिवतात. शाहूपुरी ही पेठ १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसली. त्याआधी चारच वर्षे, १८९१ मध्ये, मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. गुळाचे आणि पाण्याचे वैर सर्वांना ठाऊक आहे. भेलीला पाणी लागले की गूळ गेला. त्यामुळे जेथे गूळ तेथे ताडपत्री आणि जेथे ताडपत्री तेथे ती शिवणारा, हे ओघानेच आले. आबा चौथी झाले आणि भुदरगड तालुक्यातून येथे एका हूड शिवणाऱ्या वस्तादांच्या हाताखाली राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. खरे सांगायचे तर प्रवेशाच्या अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' असे लिहिले होते. त्याविषयी पुढे येईलच.

पडदा कशाला?

ती मोटार होती प्लिमथ, १९५० च्या आसपासची. सांगलीकडच्या एका गृहस्थांच्या आजोबांनी ती घेतली होती. आपल्याकडे या गाड्या आल्या त्यामागे एका सोलापूरकराचा हात आहे, हे मला तेव्हाच कळले. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ल्याला डॉज, डी सोटो व प्लिमथ या गाड्या जोडायला घेतल्या. पहिली गाडी १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी, बाहेर पडली.

या गाडीचे बॉनेट उघडून आत पाहिले की इंजिनच्या दोन्ही अंगांना, पुढच्या चाकांच्या बाजूला, पत्र्याची भिंत दिसते. त्या भिंतीला एक लांबट खिडकी असते. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात या खिडकीतून बाहेर येतो आणि खड्डा आला की वर-खाली होतो. हाताला हलायला जागा हवी म्हणून खिडकी मोठी ठेवावी लागते. पण खिडकी उघडी राहिली तर चाकावरचे पाणी थेट इंजिनवर येते. म्हणून तेथे रबर चढवलेल्या कापडाचा एक तुकडा लावलेला असतो. आबा त्याला नुसते 'पडदा' म्हणतात. चाकामागे लोंबणारा मडफ्लॅप सर्वांना दिसतो. हा आतला पडदा कोणाला दिसत नाही आणि म्हणूनच तो कुजला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

पाणी नेमके येते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. गाडी पुढे जात असते तेव्हा चाकाचा मागचा भाग जमिनीकडून वर येत असतो. रस्त्यावरचे पाणी टायरला चिकटून वर येते आणि सुटते तेव्हा सरळ रेषेत, टायरला स्पर्श करणाऱ्या दिशेने उडते. गोफणीतला दगड जसा सुटतो तसे. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल तर गाडीच्या पत्र्यावर हे पाणी जवळजवळ त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर या गतीने आदळते. त्यात नुसते पाणी नसते. चिखल, खडी आणि उसाच्या हंगामात रस्त्यावर पडलेला पालाही असतो.

आता इंजिनला पाण्याचे काय भय? लोखंड काही एका दिवसात गंजत नाही. भय आहे ते विजेच्या भागांना. जुन्या पेट्रोल गाडीत कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर ही जोडी हजारो व्होल्टचा दाब तयार करून तो वायरींतून एकेका प्लगला देते. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटते. वायरींवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी व चिखल बसला की विजेला जमिनीकडे जाण्याची दुसरी सोपी वाट सापडते. ठिणगी पडायची तेथे पडत नाही. मेकॅनिक लोक म्हणतात, "गाडी मिसिंग मारते." पाऊस जोरात असला की गाडी जागच्या जागी बंद पडते. त्या गृहस्थांची तक्रार हीच होती. गाडी उन्हाळ्यात उत्तम चाले आणि पहिल्या वळवाला दगा देई. तीन मेकॅनिकांनी कॉइल बदलली, वायरी बदलल्या. चौथ्याने बॅटरी लावून चाकाच्या वरच्या अंगाला पाहिले आणि म्हणाला, "हे आमचं काम न्हाई, शाहूपुरीत हूडवाल्याकडं जावा."

कापडच का?

मला पहिली शंका ही आली की, पत्रा का नाही? आबांनी उत्तर न देता माझा उजवा हात कोपरापाशी धरला आणि म्हणाले, "हितं पत्रा बांधला तर हात वाकवशील का?" सांध्यावर बाहीच हवी, चिलखत नको. जो भाग हलतो त्याच्याभोवती हलणारेच आवरण लागते. हे एकदा ध्यानात आले की पुढचे सारे शास्त्र समजायला सोपे जाते.

तथापि साधे कापड पाणी पिते. कापड आणि पाणी यांचे भांडण मिटवण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. जहाजांवर जाड कापडाला डांबर फासत. इंग्रजी 'टार्पोलिन' या शब्दातला 'टार' म्हणजे डांबरच. हिंदीतला 'तिरपाल' त्यावरून आला. आपली 'ताडपत्री'ही त्याच घराण्यातली असून मराठी माणसाने ओळखीच्या ताडपत्राच्या नावाने तिला घरात घेतले, असे आमचे मराठीचे सर म्हणतात. शब्दसुद्धा पाण्यावाचून टिकावा म्हणून असा वेष बदलतो, हे मला गमतीचे वाटले.

पुढे १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉश याने स्कॉटलंडमध्ये रबर पातळ करून दोन कापडांच्या मध्ये थापले आणि पाणी न शिरणारे कापड केले. परंतु कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाला १८३९ मध्ये रबरात गंधक मिसळून तापवण्याची युक्ती सापडली आणि रबर दोन्ही ऋतूंत शहाण्यासारखे वागू लागले. आपल्या देशात कलकत्त्याच्या सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये 'डकबॅक' या नावाने असेच कापड करायला घेतले. आमच्या प्लिमथचा पडदा हा या मोठ्या कुळातला एक लहानसा वंशज.

कापडाची जात

नवा पडदा कशाचा करावा, यावर आमच्या दुकानात दोन दिवस चर्चा झाली. हूड शिवणाऱ्याकडे चार-पाच प्रकारचा माल नेहमीच असतो. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

रेक्झिन सर्वांत हाताशी. हे मूळचे एका इंग्रजी मालाचे व्यापारी नाव. तो माल म्हणजे सुती कापडावर रासायनिक लेप देऊन केलेले नकली चामडे. आज आपण रेक्झिन म्हणतो ते बहुधा विणलेल्या कापडावरचे प्लास्टिक असते. सीटला ते चांगले. इंजिनजवळ मात्र उष्णतेने त्यातला मऊपणा उडून जातो, ते कडक होते आणि जेथे घडी पडते तेथे चिरते. सुती ताडपत्री मजबूत, पण लेप झिजला की पाणी पिते आणि ओली राहून कुजते. निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीचे तर नावच नको. छिद्र पाडले की उसवते आणि धुराच्या नळीजवळ गेली की वितळते. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे रबर वाकते छान. पण नुसत्या रबराला ताणा-बाणा नसतो, त्यामुळे बोल्टच्या छिद्रापाशी ते फाटत जाते. शिवाय नैसर्गिक रबराला तेलाचे वावडे आहे. इंजिनचे तेल लागत राहिले की ते फुगते आणि मऊ पडते.

उरले ते निओप्रीन चढवलेले नायलॉनचे कापड. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० मध्ये अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. तेल आणि उष्णता ते नैसर्गिक रबरापेक्षा पुष्कळ जास्त सोसते, आणि आतले नायलॉन कुजत नाही. साधारण दीड मिलिमीटर जाडीचे असे कापड उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारखान्याकडून आम्हाला मिळाले. कोल्हापूरला ही एक सोय आहे. येथे मिळत नाही असे म्हणण्याआधी लोक 'करता येईल का' हे पाहतात. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे.

जुना पडदा वाचताना

जुने काढताना घाई करू नये, हा आबांचा पहिला नियम. गाडीच्या डाव्या बाजूचा पडदा कसाबसा शिल्लक होता. उजव्या बाजूला फक्त बोल्टखाली अडकलेल्या चिंध्या होत्या. आबांनी मला आधी मोबाईलवर फोटो काढायला लावले: वरून, खालून, चाक सरळ असताना, चाक वळवलेले असताना. मग प्रत्येक बोल्ट काढून पुठ्ठ्यावर त्याच क्रमाने खोचायचा. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री तेल सोडून ठेवायचे. ओढाताण केली तर पडदा फाटतो, आणि फाटलेला पडदा म्हणजे फाटलेले पुस्तक.

हे शेवटचे वाक्य माझे आहे. कारण ते काम करताना मला आमच्या इतिहासाच्या तासाची आठवण झाली. अस्सल साधन कसे तपासावे, हे सर शिकवतात: कागद कोणता, शाई कोणती, मागाहून कोणी काही जोडले आहे काय. मी तो पडदा साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुतला. (रॉकेल वापरू नये, त्याने रबर सुजते.) धुतल्यावर त्यावर गाडीचे चरित्रच दिसू लागले. कडेला तीन रंगांचे शिंतोडे होते: खाली काळा, त्यावर हिरवा, त्यावर आताचा पांढरा. म्हणजे गाडी निदान दोनदा रंगवली गेली होती. एका कोपऱ्याला गोणपाटाचे ठिगळ होते, सुतळीने शिवलेले. कोण्या एका अनामिक माणसाने कधीतरी वाटेत अडलेली गाडी तेवढ्यावर पुढे धाडली असणार. मूळ कारखान्याने पडदा पत्र्याला जोडला होता तो जाड तारेच्या चिमट्यांनी. त्यातले चार अजून जागेवर होते. आबांनी ठिगळाची शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाले, "डावरा माणूस हुता." टाक्यांचा कल उलटा होता. मी दोन वर्षे इतिहास शिकते आहे, मला ते दिसले नव्हते.

फर्मा आणि माझी चूक

आता फर्मा. फर्मा म्हणजे कापायच्या तुकड्याचा कागदी नमुना. शिंप्याच्या, चांभाराच्या आणि हूडवाल्याच्या धंद्यात खरी इस्टेट हीच. कापड बाजारात मिळते, माप कापलेला फर्मा मिळत नाही. आबांच्या जवळ तीस वर्षांचे फर्मे होते. भिंतीवरच्या खिळ्यांना ते गठ्ठ्यांनी टांगलेले असत. त्यांच्यावर लिहिलेले फारसे काही नसे; रिक्षा असेल तर तीन गोळे, जीप असेल तर समोरच्या जाळीच्या रेघा, अशी चित्रे असत.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. पाणी तिच्या कितीतरी वर गेले. जयंती नाल्याला फुगवटा आला आणि कुंभार गल्लीत पाणी शिरले. मूर्तिकारांचे गणपती गेले. आमच्या दुकानात छातीइतके पाणी होते. आबांनी आणि आईने शिलाई मशीन माळ्यावर चढवले, कापडाचे तागे शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेले. फर्मे भिंतीवरच राहिले. कागदच ते, कोणाच्या मनात आले नाही. पाणी उतरल्यावर खिळ्यांना राखाडी लगदा लोंबत होता. मी तेव्हा आठवीत होते. आबांना मी रडताना पाहिले ते त्या एकाच दिवशी. आणि कागदासाठी माणूस का रडतो, हे मला तेव्हा कळले नव्हते. या गठ्ठ्यात अमेरिकन गाड्यांच्या पडद्यांचेही फर्मे होते.

म्हणून या वेळी फर्मा करण्याचे काम मी मागून घेतले. जुना पडदा सपाट करून ड्रॉइंगच्या कागदावर ठेवला, कडेने पेन्सिल फिरवली, छिद्रांचे मध्य टोचले. जेथे पडदा कुजला होता तेथे गाडीच्या पत्र्यावर पातळ कागद दाबून वरून शिसपेन्सिल घासली. पत्र्यातली छिद्रे कागदावर उमटली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण असेच करतो. डाव्या बाजूचा फर्मा तयार झाला. उजव्यासाठी काय, तोच पालथा घातला की झाले, असे मी ठरवले. भूमितीत आरशातली आकृती शिकलो होतो ना! आबा बाहेर गेले होते. ते येईपर्यंत दोन्ही पडदे कापून ठेवावेत आणि त्यांना थक्क करावे, असा माझा बेत होता. मी निओप्रीनच्या कापडावर फर्मा पालथा ठेवला आणि कात्री चालवली.

डावा बसला. उजवा बसेना. आपल्याकडे गाडीचे चक्र उजव्या बाजूला असते, आणि त्या बाजूला स्टिअरिंगचे खोके पडद्याच्या आत चार बोटे घुसलेले होते. तेथे खाच हवी होती. आणि मी तेथेच पडद्याची कड कमी पडेल असा काप घेतला होता. तुकडा फुकट गेला. तो काही चिंधीच्या भावाचा माल नव्हता.

आबा काही बोलले नाहीत. बोलली आई. आई घरी पोलकी शिवते. ती म्हणाली, "पोलक्याच्या दोन्ही बाजू सारख्या कापतात व्हय गं? एका अंगाला हुकपट्टी, एका अंगाला काजपट्टी. माप एक, पण काप निराळा." अंग दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, पण कपडा सारखा नसतो, हे तिला पुस्तकाविना ठाऊक होते. माझ्या आरशाच्या भूमितीत स्टिअरिंग नव्हते.

मग आबांनी पुढची रीत दाखवली. महाग कापडाला हात लावण्याआधी टाकाऊ कापडाचा कच्चा पडदा करून पाहायचा. कोल्हापुरात वाढदिवसाच्या फ्लेक्सना तोटा नाही. एका भाऊंच्या शुभेच्छांचा फ्लेक्स आम्ही कापला आणि अर्धे हसरे तोंड उजव्या चाकावर बसवले. गाडी जॅकवर घेतली. चाक पूर्ण खाली लोंबू दिले, मग खालून दुसरा जॅक लावून पूर्ण वर उचलले. आणि दोन्ही वेळा चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. पडद्याची खरी परीक्षा ही. चाक खाली गेले की तो ताणून फाटता कामा नये आणि वर आले की त्याची घडी टायरला घासता कामा नये. या दोहोंच्या मधला जो सैलपणा त्याला आबा 'झोल' म्हणतात. झोल कमी तर पडदा जातो, जास्त तर टायर खातो. आम्हाला भाऊंचे तोंड तीनदा कापावे लागले, तेव्हा कोठे माप जमले.

शिवण आणि बसवण

कापड कापताना ताणा कोणीकडे आहे ते पाहावे. कुठलेही विणलेले कापड उभे-आडवे ओढले तर फारसे ताणत नाही, तिरपे ओढले तर ताणते. म्हणून ज्या दिशेने चाक पडद्याला ओढते त्या दिशेला ताणा ठेवला. कडेला आतले धागे उघडे पडतात आणि तेथून पाणी वातीसारखे आत चढते. त्यासाठी कडेला रबराचे सोल्युशन लावून वर चामड्याची पातळ मगजी घातली. चामडे सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागीर काकांनी रापीने तासून दिले. कोल्हापुरी चपलेचे कारागीर चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा मारत नाहीत. खिळ्याशी पाणी थांबते आणि तेथूनच कुजायला सुरुवात होते, असे काकांनी सांगितले. त्यांचे ऐकून मगजी आम्ही मेण लावलेल्या दोऱ्याने हातानेच टाचली.

छिद्रे कात्रीने न पाडता पंचाने गोल पाडली. चिरलेल्या छिद्राला टोक राहते आणि फाटणे तेथून सुरू होते. गोल छिद्राला सुरुवात करायला जागाच नसते. बोल्टखाली नुसता वॉशर न घालता पत्र्याची लांब पट्टी घातली. त्यामुळे ओढ एका छिद्रावर न येता सर्व कडेवर वाटली जाते. चिमटे कारखान्याचे मिळणार नव्हते. आबांनी तांब्याच्या तारेचे तसेच वाकवून केले. खालची कड मात्र मुद्दाम मोकळी सोडली. सगळीकडून बंद केले तर पडद्याच्या झोळीत चिखल साठतो आणि मागचा पत्रा आतून गंजतो. पाणी अडवायचे असते, कोंडायचे नसते.

शेवटी गाडी दारात उभी करून इंजिन सुरू ठेवले आणि मी दोन्ही चाकांच्या बाजूने नळाच्या पाइपने पाणी मारले. आबा बॉनेट उघडून आत पाहत होते. पाच मिनिटांनी त्यांनी डिस्ट्रिब्युटरवर हात फिरवला आणि मला तळहात दाखवला. कोरडा होता.

जुने की नवे?

येथे एक प्रश्न राहतो. जुनी वस्तू दुरुस्त करताना ती किती नवी करावी? केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटारींच्या नियमांत बदल करून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद दिली. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पडदा काही या यादीत नाही. तरीही आपण लावलेले निओप्रीन मूळचे नव्हे, याची मला टोचणी होती. आबांचे मत सरळ होते. गाडी उभी करून बघायची असेल तर जुनाच पडदा डागडुजी करून लावावा, चालवायची असेल तर नवा. आपल्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात वस्तू जपलेल्या असतात त्या पाहण्यासाठी. पण छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसऱ्याला सीमोल्लंघनाला दसरा चौकात येते, ती चालत येते म्हणूनच लोक डोळे भरून पाहतात. दोन्ही प्रकारचे जपणे खरे आहे. आपण कोणते करतो आहोत हे मात्र ठाऊक असावे.

आम्ही एक मधला मार्ग काढला. नव्या पडद्यासाठी गाडीच्या पत्र्यात एकही नवे छिद्र पाडले नाही. उद्या कोणाला मूळ पद्धतीचा पडदा मिळाला तर आमचा काढून तो तेथेच बसेल. आणि जुना पडदा गोणपाटाच्या ठिगळासह कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, मालकांना परत दिला. त्यांनी तो डिकीत ठेवला. गाडी जुलैच्या झडीत न थांबता सांगलीला पोचल्याचा त्यांचा फोन आला.

वही

ही मोटार गेल्यावर मी दोनशे पानी वही आणली. आबांच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक कामाचा फर्मा आता मी लहान करून तीत काढते, मापे लिहिते आणि पानाचा फोटोही ठेवते. म्हणजे पुन्हा पाणी आले तरी सगळे एका खिळ्याला टांगलेले नसेल. प्लिमथचा पडदा पहिल्या पानावर आहे, माझ्या चुकीसकट.

ते पान मी आबांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी एका ठिकाणी थांबवले. मी लिहिले होते, 'झोल अर्धा इंच.' ते म्हणाले, "अर्धा इंच न्हवं, बोटभर." मी म्हणाले, "बोट कुणाचं? तुमचं की माझं?" ते जरा थांबले. मग त्यांनी उजव्या हाताची तर्जनी वहीवर ठेवली. मी पट्टीने मोजली: नखापाशी अठरा मिलिमीटर. तीस वर्षे सुई-दोऱ्याने रुंद झालेले बोट ते. मी लिहिले, 'झोल बोटभर (आबांचे बोट), म्हणजे १८ मि. मी.'

यंदा शिष्यवृत्तीच्या अर्जात पुन्हा तोच रकाना आला. या वेळी मी 'मोटारींचे हूड व कुशन कारागीर' असे लिहिले. जागा पुरली नाही, अक्षर बारीक काढावे लागले.

वाचक मित्र-मैत्रिणींना एवढेच सांगणे आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे कोणी ना कोणी आहे, ज्याच्या बोटांत माप आहे आणि कागदावर नाही. आपल्याला लिहिता येते. पुढचा पावसाळा येण्याआधी त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि लिहून घ्यावे. आणि ज्यांच्या दारात जुनी गाडी असेल त्यांनी एकदा बॅटरी घेऊन चाकाच्या वर पाहून ठेवावे.